कुत्र्याची नसबंदी: आधीचा विचार आणि नंतरचे पंधरा दिवस

"एकदा पिल्लं होऊ द्या, मग करा." घरात मादी कुत्री असली की हा सल्ला मुंबईत कुठेही फुकट मिळतो. गिरगावच्या चाळीत मिळतो, कांदिवलीच्या टॉवरच्या लिफ्टमध्येही मिळतो, आणि देणारा बहुतेक वेळा मनापासून देतो. आईपण मिळालं नाही तर बिचारी झुरेल, असं त्याला वाटत असतं. पण एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते याला वैद्यकीय आधार नाही. पिल्लं मात्र खरी असतात. गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांत पाच-सात जीव अंगावर पडतात, पहिली दोन नातेवाईक नेतात आणि उरलेल्यांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागतात.

दुसऱ्या टोकाची माणसंही भेटतात. सहा महिने झाले ना, मग उचला आणि करून टाका, विचार कसला! मला दोन्ही पटत नाही. नसबंदी बहुतेक पाळीव कुत्र्यांच्या हिताची आहे, पण कधी करायची हे ते कुत्रं नर आहे की मादी, केवढं आहे आणि कुठल्या जातीचं आहे हे पाहून ठरवायला हवं. शिवाय ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं असलं तरी ते निभावतं की बिघडतं, हे पुष्कळदा पुढच्या दहा-पंधरा दिवसांत आपल्या घरात ठरतं. त्या दिवसांबद्दल दवाखान्यात दोन मिनिटांत सांगून होतं, तेही आपण बिल भरायच्या आणि रिक्षा बघायच्या गडबडीत असताना. म्हणून हा लेख.

नेमकं काढतात काय

माणसाच्या नसबंदीत नळ्या बांधतात किंवा कापतात. ग्रंथी जागेवर राहतात, हार्मोन पूर्वीसारखेच चालू राहतात. कुत्र्यात तसं नसतं. नराची दोन्ही वृषणं काढतात. मादीची दोन्ही अंडाशयं आणि बहुतेक वेळा त्यासोबत गर्भाशयाची पिशवीही काढतात. म्हणजे पिल्लं होणं थांबतंच, पण हार्मोनचा कारखानाही बंद होतो. पुढे जे फायदे-तोटे सांगणार आहे ते जवळजवळ सगळे या एका गोष्टीतून येतात.

मादीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे पायोमेट्रा टळतो. पिशवीत पू होण्याचा हा आजार आहे. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि प्रत्येक माजानंतर, ती गाभण असो वा नसो, दोनेक महिने तिच्या शरीरात गर्भ सांभाळण्याची तयारी चालते. पिशवीचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं, आतली प्रतिकारशक्ती मंदावते. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की एखाद्या माजानंतर आत शिरलेले जंतू तिथे ठाण मांडतात. माजानंतर महिना-दोन महिन्यांत कुत्री भसाभसा पाणी प्यायला लागते, सारखी लघवी करते, खाणं सोडते, उलट्या करते. पिशवीचं तोंड उघडं असेल तर मागून घाण स्राव येतो आणि निदान कळतं तरी. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आत मात्र पिशवी फुगत जाते. अशा वेळी जीव वाचवायला तेच ऑपरेशन करावं लागतं, फक्त आता आठ-नऊ वर्षांच्या, तापलेल्या, किडनीवर ताण आलेल्या कुत्रीवर. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून निघालेला आकडा असा की नसबंदी न झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण पाचातल्या एकीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार होतो. माझ्या मते मादीच्या बाबतीत एवढं एक कारण पुरे आहे.

स्तनांच्या गाठींबद्दल जे आकडे सांगितले जातात ते जरा जपून वाचावेत. १९६९च्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये गाठींचा धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ आणि दोन किंवा जास्त माजांनंतर २६ टक्के दिसला. लोक याचा अर्थ 'शंभरातल्या सव्वीस जणींना कॅन्सर' असा काढतात. तसा तो नाही. नसबंदी न झालेल्या कुत्रीला जेवढा धोका असतो, त्याच्या किती टक्के उरला, असं ते मोजमाप आहे. शिवाय २०१२मध्ये असे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनी हा पुरावा कच्चा ठरवला. लवकर केलेली नसबंदी गाठींपासून बहुधा वाचवते, पण फक्त त्या आकड्याच्या धाकाने घाई करायचं कारण नाही.

नरात वृषणांचा कॅन्सर उरत नाही, कारण वृषणंच उरत नाहीत. म्हातारपणी प्रोस्टेट सुजून लघवी-शी अडण्याचा त्रासही टळतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरपासून मात्र नसबंदी वाचवत नाही. एखाद्या नराचं एक वृषण खाली उतरलेलंच नसेल, पोटात किंवा जांघेत अडकलं असेल, तर चालढकल करू नये. अशा अडकलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो.

मुंबईत आणखी एक कारण आहे ज्याबद्दल लोक संकोचाने बोलत नाहीत. भटक्या कुत्र्यांमध्ये संभोगातून पसरणारी एक गाठ असते, टीव्हीटी म्हणतात तिला. फुलकोबीसारखी, रक्त गळणारी. पट्टा सोडवून पळालेला घरचा कुत्रा ती गाठ घेऊन परत येऊ शकतो. केमोच्या इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा बरी होते, पण दर आठवड्याला दवाखान्याच्या फेऱ्या कोणाला हव्यात? माजावरच्या मादीचा वास लागलेला नर बंद दाराशी रात्रभर रडतो, जेवत नाही, आणि दार किलकिलं झालं की थेट रस्त्यावर. तिथे गाड्या असतात.

तोटे, आणि कधी करायची

नसबंदीनंतर शरीराला कमी अन्न पुरतं आणि भूक मात्र वाढते. त्यामुळे वजन चढतं. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. तिसरा तोटा सांध्यांचा, आणि वेळ ठरवताना तोच महत्त्वाचा. हाडांची वाढ थांबवण्याचा निरोप लैंगिक हार्मोन देतात. ते लवकर बंद झाले की हाडं थोडी जास्त काळ लांबत राहतात आणि सांध्यांचं गणित बिघडू शकतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२०मध्ये ३५ जातींवर हे तपासलं. लॅब्रेडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत लवकर नसबंदी झालेल्यांमध्ये सांध्यांचे आजार जास्त दिसले. छोट्या जातींत तसा फरक आढळला नाही.

यातून मी काढलेला ढोबळ हिशोब असा. शिह त्झू, पॉमेरेनियन, पग, डॅक्सहुंड असे छोटे असतील तर सहा महिन्यांच्या पुढे केव्हाही. लॅब किंवा शेफर्ड नर असेल तर वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्षापर्यंत थांबलेलं बरं, अर्थात तोवर त्याला सांभाळायची तयारी हवी. मोठ्या जातीच्या मादीचं गणित अवघड आहे, कारण थांबलं तर सांध्यांना बरं आणि लवकर केलं तर गाठींच्या दृष्टीने बरं. तिथे स्वतःच्या डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवावं. मध्यम आकाराच्या आपल्या इंडीला, म्हणजे देशी गावठी कुत्र्याला, बहुतेक डॉक्टर सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान सुचवतात. ज्या घरात नर-मादी भावंडं एकत्र वाढताहेत तिथे सांध्यांचा विचार बाजूला ठेवा. कुत्र्यांना नाती कळत नाहीत, आणि पहिला माज सहाव्या-सातव्या महिन्यातही येऊ शकतो.

माज चालू असताना ऑपरेशन टाळतात, कारण तेव्हा पिशवीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव जास्त होतो. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबायला सांगतात, त्याचंही कारण आहे. काही माद्या माजानंतर दीड-दोन महिन्यांनी गाभण नसतानाही गाभण असल्यासारखं वागतात. स्तनात दूध येतं, चपला-खेळणी पोटाशी घेऊन बसतात. त्या अवस्थेत ऑपरेशन केलं तर हा प्रकार लांबू शकतो.

स्वभावाबद्दल अपेक्षा माफक ठेवा. नराचं भटकणं, माद्यांच्या मागे लागणं, खांबाखांबावर मुतणं पुष्कळ कमी होतं. पण वर्षानुवर्षांची सवय असेल तर ती हार्मोन गेले तरी जात नाही. लिफ्टच्या कोपऱ्यात पाय वर करणाऱ्याला शिस्त लावावीच लागते. भुंकणं, राखण करणं, दारावरची बेल वाजली की धावणं यात काही फरक पडत नाही. घाबरून चावणाऱ्या कुत्र्याची भीती नसबंदीने जात नाही, कधीकधी वाढतेसुद्धा. 'चावरा आहे म्हणून कापून टाकू' हा हिशोब तिथे फसतो.

तारीख घेण्याआधी

रक्ततपासणीशिवाय भूल द्यायला तयार होऊ नका, कुत्रं कितीही धडधाकट दिसो. मुंबईच्या दमट हवेत गोचीड बारा महिने असतात आणि त्यांच्यामुळे होणारा ताप, ज्याला सगळे टिक फीव्हर म्हणतात, तो दबा धरून राहतो. कुत्रं खातं-पितं, खेळतं, आणि रक्तातल्या प्लेटलेट मात्र खाली गेलेल्या असतात. अशा कुत्र्याचं पोट उघडलं तर रक्त थांबता थांबत नाही. आमच्या लालीचं, परळच्या नाक्यावरून उचलून आणलेल्या इंडीचं, नेमकं हेच निघालं. ऑपरेशनची तारीख ठरली होती, मी ऑफिसात रजा टाकली होती, आणि आदल्या दिवशीच्या रिपोर्टात प्लेटलेट कमी. डॉक्टरांनी आधी महिनाभर गोळ्या दिल्या, पुन्हा रक्त तपासलं, मगच तारीख दिली. तेव्हा चिडचिड झाली होती खरी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी आणि लिव्हर एवढ्या तपासण्या तरी हव्यातच.

पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. त्यांच्यासाठी घशात नळी घालून गॅसची भूल देणारा आणि शुद्धीवर येईपर्यंत जागेवरून न हलणारा दवाखाना शोधा. इतरांसाठीही विचारायला लाजू नका: भूल कोण देणार, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके बघायचं यंत्र आहे का, रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार, बिलात रक्त, औषधं, टाके काढणं धरलंय का. मुंबईत खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ज्यांना खासगी दवाखाना झेपत नाही ते परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटलात जातात, जुने लोक ज्याला बैलघोडा म्हणतात ते. तिथेच शेजारी १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना महापालिका आणि संस्था नेतात, कानाला खूण करून परत सोडतात. घरच्या कुत्र्याची जबाबदारी मात्र मालकाची, हे २००१च्या केंद्राच्या नियमांतच लिहिलं होतं.

तारीख निवडताना कॅलेंडर बघा. दिवाळी, गणपती विसर्जन, होळी यांच्या आधीच्या पंधरवड्यात ऑपरेशन नको. टाके ताजे असलेलं कुत्रं फटाक्याच्या आवाजाने पलंगाखाली घुसतं, दारावर उड्या घेतं. पावसाळा शक्य असेल तर टाळा. जुलैत मुंबईत टॉवेल वाळत नाही, तिथे जखमेची काय कथा! साचलेल्या पाण्यातून चालणं तर टाक्यांना वर्ज्यच. डिसेंबर-जानेवारी उत्तम. वार म्हणाल तर सोमवार-मंगळवार. लोक शनिवार-रविवार घरी मिळतो म्हणून शुक्रवार धरतात, पण पहिले दोन दिवस नाजूक असतात आणि नेमके तेव्हाच बरेच दवाखाने बंद असतात.

आदल्या रात्री साधारण दहानंतर खाणं बंद. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते. पाणी सकाळपर्यंत चालतं, पण तुमचे डॉक्टर सांगतील तेच पाळा, आणि अगदी छोट्या पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांची साखर उतरते. घरातल्या आजी-आजोबांना, कामाच्या मावशींना हे आठवणीने सांगा. बिस्किट हळूच कोण देतं ते आपल्याला माहीत असतं.

ऑपरेशन

नराचं पंधरा-वीस मिनिटांत होतं. वृषणांच्या पिशवीच्या जरा पुढे छोटा छेद घेऊन दोन्ही वृषणं बाहेर काढतात, रक्तवाहिन्या बांधतात, टाके घालतात. पिशवी तशीच राहते, काही दिवस सुजल्यासारखी दिसते आणि मग आक्रसते. मादीचं खऱ्या अर्थाने पोटाचं ऑपरेशन आहे. बेंबीखाली मधोमध, काही डॉक्टर कुशीतून, छेद घेतात. मग आत तीन थर शिवतात: पोटाची भिंत, त्यावरची चरबी, आणि सगळ्यात वर कातडी. आपल्याला दिसतो तो दोन इंचांचा वरचा टाका. पोटाची भिंत मात्र फार सावकाश भरते. दोन आठवड्यांनीही तिला मूळ ताकदीचा थोडासाच भाग परत आलेला असतो. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

पहिली रात्र

संध्याकाळी जे कुत्रं घरी येतं ते आपलं वाटत नाही. डोळे लाल, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी अर्धी वर, चालताना मागचे पाय भलतीकडे, आणि मधूनच एकसुरी कण्हणं. पुढच्या पायावर सलाईनसाठी केस काढलेला चौकोन असतो. घशात नळी होती म्हणून एक-दोन दिवस खोकतं. कण्हण्याचा बराच भाग भुलीच्या गुंगीचा असतो, वेदनेचाच असेल असं नाही, पण ऐकणाऱ्याला ते कळत नाही. लाली त्या रात्री भिंतीकडे तोंड करून उभी होती, बसायचं कसं हेच विसरल्यासारखी. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, हिला दृष्ट लागलीये." मी तिच्या कमरेला हात देऊन तिला हळूच खाली बसवलं तेव्हा कुठे ती झोपली.

जमिनीवर अंथरूण घाला, पलंगावर किंवा सोफ्यावर नाही. गॅलरी आणि जिना बंद. गुळगुळीत टाइल्सवर चादर किंवा योगाची मॅट पसरा. भुलीने अंग थंड पडतं, म्हणून पंखा-एसी अंगावर नको, पातळ चादर पांघरा. पाणी थोडं थोडं. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय खायला नाही, मग नेहमीच्या पाव भागाएवढा मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता. दूध, तूप, 'ताकद येईल' म्हणून अंडी-मटण, सगळं नंतर. रात्री लघवी केली नाही तरी एवढ्यात घाबरू नका, पण चोवीस तास उलटले तर फोन करा. शी दोन-तीन दिवस न होणं नेहमीचं आहे, पोट रिकामंच होतं.

एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा. कुत्र्याचा ओठ वर करून हिरडीचा रंग बघा. बोटाने दाबा, पांढरी होते, सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी. इंडीच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तिथे खालची पापणी ओढून आतला भाग बघा. नेहमीचा गुलाबी कसा दिसतो हे डोळ्यात असेल तर त्या रात्री फरक कळतो. हिरडी पांढरीफटक, पोट फुगलेलं, कुत्रं निपचित आणि अंग गार, म्हणजे आत रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही.

तिसरा-चौथा दिवस

खरी कसोटी इथून. पहिले दोन दिवस कुत्रं पडून असतं, आपणही डोळ्यांत तेल घालून बसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ते शेपूट हलवत दाराशी येतं, पट्टा तोंडात. वेदनाशामक चालू असतं, त्यामुळे त्याला बरं वाटतंय ते खोटं नाही, पण पोटाची भिंत अजून तशीच आहे. घरच्यांनाही हायसं वाटतं, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन बघून नेमकं याच वेळी कोणीतरी म्हणतं, "काढा ना तो कोन, किती त्रास होतोय बिचारीला." अर्ध्या तासात कुत्री दोन टाके ओढते. कुत्र्याची लाळ औषधी असते ही समजूत सोडून द्या. त्याच्या तोंडात जंतूंची वस्ती असते आणि जीभ खरखरीत.

कोन, आमच्याकडे ज्याला भोंगा म्हणतात, तो नाकाच्या टोकापुढे दोन बोटं तरी आला पाहिजे. लहान असला तर उपयोग नाही. हवा भरायची गोल उशी पगला चालते, लांब तोंडाचं कुत्रं ती घालूनही मागच्या टाक्यांपर्यंत पोचतं. मादीला जुना टी-शर्ट घालून कमरेवर गाठ मारणं हा चांगला उपाय आहे, लघवीने ओला झाला की बदलायचा. भोंगा दारांच्या चौकटीला आपटतो, ताटली लागत नाही, पहिला दिवस कुत्रं पुतळ्यासारखं उभं राहतं. एक-दोन दिवसांत सवय होते. जेवताना समोर बसून काढा, झालं की परत घाला. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस.

तेवढेच दिवस धावणं, उड्या, सोफा, जिने बंद. फिरवायचं ते आखूड पट्ट्यावर, शी-लघवीपुरतं. ज्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही त्यांनी छोट्या कुत्र्याला उचलून न्यावं, एक हात छातीखाली, एक मांड्यांखाली, पोटाला दाब नको. लॅब उचलून चार जिने कोण चढणार? त्याला पट्टा आखूड धरून, एकेक पायरी, मध्ये थांबत. घरात दुसरं कुत्रं असेल तर वेगळी खोली द्या. चाटायला तेही तयारच असतं.

जखम दिवसातून दोनदा, चांगल्या उजेडात बघा आणि रोज एक फोटो काढून ठेवा. शंका आली तर डॉक्टरांना कालचा आणि आजचा पाठवता येतो. कडा जुळलेल्या, थोडा लालसरपणा, थोडं काळंनिळं, टाक्याखाली बोराएवढी टणक गाठ, हे चालतं. गळणारं रक्त किंवा पू, वास, वाढत जाणारी सूज, उघडलेली कड, आतून काही बाहेर येताना दिसणं, हे चालत नाही. ताप गुदद्वारातून मोजतात. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचा, १०३च्या वर गेला तर फोन. चोवीस तासांनंतरही अन्नाला तोंड लावत नसेल, सारखी उलटी होत असेल तरीही.

जखमेवर हळद नको. खोबरेल नको, तुरटी नको, माणसांची मलमं नकोत. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. आंघोळ टाके निघेपर्यंत नाही. मुंबईत माश्यांची भीती खरी आहे, ओलसर जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून जखम कोरडी, कुत्रं घरात, आणि तळमजल्यावर राहत असाल तर दुपारी मच्छरदाणी.

औषधांत एकच गोष्ट ठासून सांगते. घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम कुत्र्याला द्यायची नाही. कॉम्बिफ्लॅममधल्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी बंद पडू शकते. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक खाल्ल्यावर, ठरलेल्या मापाने, ठरलेले दिवस द्या. 'बरी दिसते' म्हणून अँटिबायोटिक अर्ध्यावर सोडू नका.

टाके निघाल्यावर

नर लगेच निर्बीज होत नाही. नळ्यांत उरलेले शुक्राणू काही आठवडे टिकतात, म्हणून महिनाभर तरी त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवा.

खाणं साधारण पाचव्या हिश्श्याने कमी करा आणि दर महिन्याला दवाखान्याच्या काट्यावर वजन करा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. चाळीत किंवा सोसायटीत याचा शत्रू म्हणजे पारले-जी. वॉचमन एक देतो, दूधवाला एक, खालच्या मजल्यावरचे आजोबा चहात बुडवून दोन. कोणालाही वाईट न वाटू देता हे थांबवायचं असेल तर कुत्र्याच्या रोजच्या खाण्यातलेच दाणे छोट्या डबीत भरून त्यांच्याकडे देऊन ठेवा. त्यांना द्यायचं समाधान, कुत्र्याला घ्यायचं.

मादी झोपून उठली की अंथरुणावर ओला डाग दिसायला लागला, मग तो ऑपरेशननंतर काही महिन्यांनी असो वा काही वर्षांनी, तर तिला ओरडू नका. तिला ते कळतही नाही. आधी लघवी तपासून घ्या, कारण साध्या संसर्गानेही असंच होतं. संसर्ग नसेल तर या गळण्यावर गोळ्या आहेत आणि बहुतेकींना त्या लागू पडतात. डाग पडतो म्हणून तिचं पाणी मात्र तोडू नका.